वाडग्याची प्रतिष्ठा

परदेशांतील खाण्याविषयीं लिहितांना परीक्षकाच्या हातून बहुधा दोनपैकीं एक चूक होते: एक तर तो अनोळखी पदार्थाला नाक मुरडतो, नाहीं तर केवळ अनोळखी म्हणून त्याची आरती ओवाळतो. पॅरिसमध्यें र्‍यू सेंत-आन नांवाच्या रस्त्यावर जपानी खाणावळी दाटीनें आहेत. त्यांतल्या एका साध्या खाणावळींत आम्ही ‘रामेन’ खाल्लें, तेव्हां ह्या दोन्ही चुकांतून आम्हांला वांचविलें तें सोलापुरांतील घरच्या शेंगोळ्यांच्या आठवणीनें.

रामेन म्हणजे रश्शांतल्या गव्हाच्या शेवया. पिठांत पापडखाराच्या जातीचा क्षार घालतात. त्यामुळें शेवयांना पिवळसर झांक आणि दांतांना जाणवणारा ताठपणा येतो. रस्सा हाडांचा, तासन्‌तास उकळलेला. वर मांसाचे काप, अर्धवट उकडलेलें अंडें आणि कांद्याची पात. रस्सा उत्तम होता. मीठ मात्र सढळ हातानें पडलें होतें. पण मोठा दोष वाडग्यांत नव्हता, जेवणारांत होता. हा पदार्थ कढत आहे तोंच भुरके मारीत संपवावयाचा असतो, आणि जपानांत त्या आवाजाला कोणी असभ्य म्हणत नाहीं. येथील मंडळी मात्र गप्पांच्या ओघांत एकेक शेवई जपून उचलीत होती, आणि तोंवर शेवया फुगून मऊ पडत होत्या.

आतां शेंगोळे पहा. हुलग्याच्या पिठांत थोडी कणीक, लसूण, जिरें आणि तिखट घालून घट्ट मळावयाचें, तळहातांवर वळून त्याचीं कडीं करावयाचीं, आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यांत सोडावयाचीं. पिठामुळें तेंच पाणी दाटतें आणि त्याचा रस्सा होतो. हाड नाहीं, अंडें नाहीं. तरी वाडगा तोच, वाफ तीच, आणि भुरकाही तोच.

मग एकाला पॅरिसमध्यें रांग लागते, आणि दुसरा सोलापूरच्या खाणावळींच्या फळ्यावर क्वचितच कां दिसतो? भांडवलाचें बळ, असें कोणी म्हणेल. पण रामेनचा आरंभ भांडवलांत झालेला नाहीं. तें मूळचें चिनी. 1910 सालीं टोकियोच्या असाकुसा भागांत ‘राइराइकेन’ नांवाचें दुकान निघालें. त्याच्या मालकानें योकोहामाहून चिनी आचारी आणले होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारींत अमेरिकेचा गहू आला आणि शेवयांच्या गाड्यांवर गर्दी लोटली. टंचाईच्या त्या अन्नावर जपानी माणसानें कारागिराची मेहनत घेतली, आणि त्याला दुकानाची पाटी दिली.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळांत अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. ती खाल्लेल्या पिढीच्या मनांत चवीपेक्षां लाचारीच अधिक राहिली. ती विसरली गेली ह्यांत नवल नाहीं. पण हुलगा कोणाचें दान नव्हे. कमी पावसांत, हलक्या माळरानावर तगणारें तें आपलेंच धान्य. त्याला आपण जनावरांचा दाणा म्हणालों, गरिबाच्या चुलीवरचा ठरविला, आणि पाहुणा आला कीं शेंगोळ्यांचें पातेलें झांकून ठेवलें.

हा दोष आम्ही दुसऱ्यावर ढकलीत नाहीं. पाहुण्यांपुढें आम्हीही शेंगाचटणी, कडक भाकरी आणि रस्सा अभिमानानें मांडला. शेंगोळे कधीं वाढले नाहींत. आणि पॅरिसमध्यें मात्र त्यांच्याच जातीच्या एका वाडग्यासाठीं भर थंडींत रांगेंत उभे राहिलों.

तेव्हां आमचा निर्णय असा: रामेन चांगलें आहे, आणि वाचकांनीं संधि मिळाल्यास तें जरूर खावें, पण बोलणें थांबवून आणि गरम असतांना. त्यापुढचें श्रेष्ठत्व मात्र आम्ही त्याला देणार नाहीं. ज्या पदार्थाला त्याच्या माणसांनीं चारचौघांत वाढलें, त्याचें जगांत नांव झालें. शेंगोळ्यांची परीक्षा अजून व्हावयाची आहे. कारण आपण ते अद्याप पंक्तींत आणलेलेच नाहींत.