‘पेंढारी’ शब्दाचें मूळ व त्याचा अर्थनिर्णय

जुन्या कागदांच्या सूच्या करतांना ‘पेंढारी’ हा शब्द आला कीं त्यापुढें ‘लुटारू’ असा खुलासा घालण्याची आपल्याकडे रूढि आहे. ती सदोष आहे, हें प्रस्तुत टिपणाचें प्रतिपाद्य होय.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. सर जॉन माल्कम यांनीं आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथांत (१८२३) ‘पिंड’ नांवाच्या मादक पेयापासून हें नांव निघाल्याचें सांगून करीमखान पेंढाऱ्याची त्यास साक्ष दिली आहे. दुसरे ‘पेंढा हरण करणारा तो पेंढारी’ अशी फोड करतात. विल्यम अर्विन यांनीं बऱ्हाणपूर व हंडिया यांमधील एका स्थलनामाकडे बोट दाखविलें. संस्कृत कोशांत तर ‘पिण्डार’ शब्द आयताच सांपडतो; भिक्षु, गुराखी, म्हैसपाळ हे त्याचे अर्थ असून निंदावाचक म्हणूनही तो दिलेला आहे. पण कोशांतील सादृश्य म्हणजे परंपरा नव्हे. मधल्या शतकांतील प्रयोग दाखविल्यावांचून तो शब्द पेंढाऱ्यांपर्यंत आणतां येत नाहीं. शिवाय ‘पिंड’ किंवा ‘पिण्डार’ धरल्यास मराठी रूपांतील ‘ढ’ कोठून आला हें सांगावें लागतें. ‘पेंढा’ धरल्यास ‘पिंडारी’ ह्या हिंदुस्थानी रूपाची उपपत्ति लावावी लागते. चार मतांपैकीं निर्णायक एकही नाहीं.

व्युत्पत्ति अनिर्णीत राहिली तरी अर्थ प्रयोगावरून ठरतो. मराठी फौजांबरोबर चालणारे पेंढारी हे नियमित पगार न घेणारे स्वार. शत्रूची वैरण व रसद मारणें हें त्यांचें काम. लुटींतून सरकारास पालपट्टी देणें ही त्यांची बांधिलकी. शिंदेशाही व होळकरशाही हे त्यांचे भेद धन्यावरून पडलेले आहेत. लासलगांवाशेजारील चांदवड हें होळकरांचें ठाणें असल्यानें ह्या भागांतील रुमाल सोडणाऱ्यानें हा भेद विशेष ध्यानांत ठेवावा. पुढें धन्याचा धाक ओसरला, टोळ्या स्वतंत्र झाल्या, आणि लॉर्ड हेस्टिंग्जच्या १८१७-१८ च्या मोहिमेंत त्या मोडल्या. त्यांनीं रयतेवर केलेले जुलूम खरे आहेत. ते झांकावे असा हेतु नाहीं. परंतु १८१७ चा अर्थ पानिपताच्या (१७६१) काळांतील कागदावर लादणें हा कालविपर्यास होय.

ह्याच्या उलट बाजूचा अनुभव आपणांस आहेच. ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदाराहून तो वेगळा. नागपूरकर भोसल्यांच्या १७५१ पर्यंत चाललेल्या स्वाऱ्यांनीं बंगाल्यांत तोच शब्द ‘बर्गी’ होऊन मुलांना निजवितांना घालावयाच्या भीतीचें नांव झाला. तेथील माता चुकली नाहीं. तिनें भोगलें तेंच म्हटलें. आपला कोशकारही चुकला नाहीं. शब्द एक, साक्षीदार दोन. ‘बर्गी म्हणजे दरोडेखोर’ एवढेंच कोणी लिहिल्यास आपण हरकत घेतों. मग ‘पेंढारी’ शब्दास तोच न्याय लावावयास नको काय?

सबब सूचीकारांनीं मूळ शब्द जसाचा तसा ठेवावा. कागदाचा काल, लिहिणारा कोण, व ते पेंढारी कोणाच्या चाकरींत होते, हें पुढें नोंदवावें. आणि ‘लुटारू’ हा अर्थ संदर्भानें सिद्ध होईल तेथेंच द्यावा.