एकट्याचा प्रवास आणि एकट्याचे पुस्तक

संपादकांनी यंदा एखाद्या प्रवासवर्णनावर लिहायला सांगितले, तेव्हा माझ्या टेबलावर नवे छापील पुस्तक एकही नव्हते. होती ती एक दोनशेपानी वही, आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची. हा मुलगा गेल्या वर्षी डोंबिवलीहून एकटाच मोटारसायकलीवर निघाला आणि नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली करीत, मनालीच्या वाटेने थेट लेहपर्यंत जाऊन आला. आल्यावर सगळे लिहून काढले आणि “सर, छापण्यासारखं आहे का ते सांगा,” म्हणून वही माझ्या हवाली केली. माझा स्वतःचा पल्ला म्हणाल तर मे महिन्यात कोकणात जाण्यापुरता. अशा माणसाने त्याच्या प्रवासावर मत द्यावे हे थोडे हास्यास्पदच. पण वाचायला पेट्रोल लागत नाही, तेव्हा देतो.

वही दोन रात्रींत वाचून झाली. अक्षर सुरेख, मजकूर मात्र हिशेबाचा. किती वाजता निघालो, किती किलोमीटर झाले, टाकी कुठे भरली. खारदुंग ला या खिंडीचे वर्णन म्हणजे तिथल्या पाटीवरचा आकडा : १८,३८० फूट. नंतरच्या मोजणीत ही उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरली आहे. चूक त्याची नव्हे, पाटीची. पण तेथे उभे राहून त्याने पाटीखेरीज काय पाहिले, हे वहीत नाही.

शिवपुरीपाशी एकच ओळ आहे : ‘बेअरिंग गेले. दोन दिवस वाया.’ मी त्याला बोलावून त्या दोन दिवसांबद्दल विचारले. तो तासभर बोलत होता. मेस्त्रीच्या घरी मुक्काम. मेस्त्रीच्या म्हाताऱ्या आईने याच्या आईचा नंबर मागून घेतला, स्वतः फोन लावला. एक बुंदेलखंडी बोलणारी, एक मराठी, आणि तरी दोघी पाव तास बोलत राहिल्या. “अरे, मग हे लिहिलं का नाहीस?” तर म्हणतो, “त्यात काय लिहायचं, सर? तेव्हा मी गाडी चालवलीच नाही!”

त्या रात्री मी कपाटातून पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ काढले. १८८९ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपल्याकडे नावाने पुष्कळांना ठाऊक असते, वाचलेले फार थोड्यांनी. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तो खंडप्राय देश हिंडल्या. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत, आगगाडीने, गावोगाव व्याख्याने देत. विधवांसाठी शाळा काढायची म्हणून पैसा उभा करीत. सुमारे तीस हजार मैल. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रवासाच्या कितीतरी पट.

आणि पुस्तकात या मैलांचा हिशेब कुठे आहे? शोधावा लागतो. तेथील राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मसंस्था, बायकांची कामे आणि त्यांच्या संघटना यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. गुलामगिरीबद्दल आणि मूळच्या रहिवाशांना मिळालेल्या वागणुकीबद्दल त्यांनी त्या देशाला सवलत दिलेली नाही, हे मला विशेष वाटते. कारण त्याच देशाचे लोक त्यांच्या शाळेला पैसे देणार होते. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये हे पुस्तक इंग्रजीत नेले, तेव्हा अमेरिकेलाही ते नव्याने कळले. मुलाने ज्याला ‘वाया’ म्हटले तेच, म्हणजे थांबणे आणि माणसांत बसणे, रमाबाईंच्या पुस्तकाचे अंग आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि एवढ्या मोठ्या बाईंबद्दल ती करताना जीभ अडखळते. या पुस्तकात रमाबाई स्वतः फार थोड्या भेटतात. अमेरिकेला जाताना पाच वर्षांची मनोरमा त्यांच्याबरोबर होती. पुढे तिला इंग्लंडला परत पाठवावे लागले आणि आई एकटी हिंडत राहिली. नवरा १८८२ सालीच गेलेला. परक्या गावच्या थंडीत, रात्रीच्या गाडीत, ही बाई काय विचार करीत असेल? त्याचे उत्तर या पानांत मिळत नाही.

असे लिहिता येते, हे टेड सायमन या इंग्रज पत्रकाराने दाखवले. १९७३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी (म्हणजे माझ्याएवढाच!) तो पाचशे सी. सी.च्या ट्रायम्फवर लंडनहून निघाला आणि चार वर्षे जगभर फिरला, हिंदुस्थानातूनही गेला. ब्राझीलमध्ये पोलिसांनी त्याला संशयावरून डांबून ठेवले. १९७९ च्या त्याच्या पुस्तकात त्या कोठडीतली भीती आडपडदा न ठेवता येते. गाडी कुठे बिघडली हे तोही सांगतो, पण त्या बिघाडामुळे कोण भेटले ते सांगण्यासाठी.

हे सारे मी त्या मुलाला पुढच्या रविवारी ऐकवले. मास्तरकीची खोड, दुसरे काय! तो ऐकत होता. शेवटी विचारले, “तुला एकदाही भीती वाटली नाही का रे?” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सरचूला तंबूत रात्री श्वास लागेना, सर. पहाटेपर्यंत बसून काढली. वाटलं, आता संपलं. पण वही आई वाचणार ना? म्हणून नाही लिहिलं.”

यावर मी काय बोलणार? रमाबाईंनीही कुणाचा विचार करून पाने कोरी ठेवली असतील, हे मला तोवर सुचलेच नव्हते. धर्मांतरानंतर पुण्यात त्यांच्या प्रत्येक शब्दावर टपून बसलेले लोक थोडे नव्हते. त्यांच्या हाती आपले रडणे देणे त्यांना परवडणारेही नव्हते. माझी तक्रार त्यामुळे नाहीशी झाली नाही. वाचक म्हणून ती पाने मला हवीच आहेत. मात्र ती मागताना आता मी जरा खालच्या आवाजात मागीन.

वही परत करताना मी खारदुंग लाचा आकडा तेवढा पेन्सिलीने दुरुस्त केला, आणि ‘दोन दिवस वाया’ या ओळीखाली चार पाने कोरी जोडून टाचली. सरचूबद्दल काही खूण केली नाही. रमाबाईंचे पुस्तक तो बरोबर घेऊन गेला आहे. अजून काही आलेला नाही.