कार्यशाळेतून पुस्तकाकडे : संपादकाने कोठे थांबावे?

आपल्या मोहल्ल्यांतून लेखन कार्यशाळा होतात. एखादी शाळा, एखादे वाचनालय किंवा महिला मंडळ पुढाकार घेते, दोन दिवस मुले-मुली, गृहिणी एकत्र बसतात आणि काही महिन्यांनी पन्नास-साठ पानांची पुस्तिका निघते. प्रकाशन समारंभ होतो, पाहुण्यांची भाषणे होतात, लिहिणाऱ्यांना प्रमाणपत्रे मिळतात. त्या पुस्तिकेविषयी मात्र नंतर कोणी चार ओळीही लिहीत नाही. कौतुक भरपूर, समीक्षा शून्य. ‘बिचाऱ्यांनी लिहिले हेच पुष्कळ’ अशी त्यामागची भावना असते. लिहिणाऱ्याला बिचारा मानण्यापेक्षा त्याचे लेखन कठोरपणे वाचणे अधिक सन्मानाचे, असे मला वाटते.

म्हणून आधी एका चांगल्या संग्रहाविषयी बोलू. राजकमल प्रकाशनाने 2007 मध्ये ‘बहुरूपिया शहर’ हे हिंदी पुस्तक काढले. दिल्लीच्या ‘अंकुर’ आणि ‘सराय’ या संस्थांनी 2001 पासून ‘सायबर मोहल्ला’ नावाचा उपक्रम चालवला. लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाजवळची झोपडवस्ती, दक्षिणपुरी आणि यमुनाकाठची नांगला माची या वस्त्यांतली तरुण मुले-मुली त्यात होती. अजरा तबस्सुम, शमशेर अली यांच्यासारख्या वीसेक जणांच्या लेखनातून हे पुस्तक उभे राहिले. पुढे 2010 मध्ये श्वेता सारडा यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद पेंग्विनने छापला.

हे पुस्तक दोन दिवसांच्या कार्यशाळेतून आलेले नाही. ही मुले वर्षानुवर्षे एकत्र बसत होती, लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवत होती, पुन्हा लिहीत होती. 2006 मध्ये नांगला माची पाडली गेली. त्या काळातले सर्वेक्षण, कागदपत्रांची शोधाशोध, बुलडोझर, दूर सावदा घेवऱ्याला जाऊन पुन्हा घर मांडणे, हे सारे त्यात येते. पण रडगाणे होत नाही. वस्तीतला माणूस येथे केवळ पीडित नाही. तो गप्पिष्ट आहे, लबाड आहे, स्वप्नाळू आहे. आपल्याकडच्या पुस्तिकांत हे फार क्वचित घडते. आपण मुलांना ‘तुमच्या समस्या लिहा’ असे सांगतो, आणि मुले आज्ञाधारकपणे समस्या लिहितात.

तरीही या पुस्तकाविषयी माझी एक तक्रार आहे. सलग वाचत गेले की लेखकांचे आवाज एकमेकांत मिसळतात. तोच चिंतनाचा सूर, तेच थबकून विचारलेले प्रश्न. वीस जण लिहितात, पण पुष्कळदा एकच जण बोलतो आहे असे वाटते. दीर्घकाळ एकत्र बसण्याचा तो परिणाम असेल, पण कार्यशाळेचा साचा लेखनावर उमटतो हे खरेच. मार्गदर्शक जितका प्रभावी, तितका हा धोका मोठा. आपल्याकडे मार्गदर्शक कवी असेल तर सगळ्या मुली मुक्तछंदात लिहू लागतात, हे आपण पाहतोच.

आपला खरा प्रश्न भाषेचा आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात, उर्दूत शिकतात आणि मराठीत परीक्षा देतात. कोकणातल्या मुस्लिम घरात कोकणी बोली असते, खानदेशात अहिराणी कानावर पडते. ही मुले मराठीत लिहायला बसली की अडचणी कुठे येतात ते मला रोज दिसते. उर्दूत दोन लिंगे, मराठीत तीन. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून मुले ‘माझी पुस्तक’ लिहितात. उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ होते. या चुका आहेत आणि त्या दुरुस्त केल्याच पाहिजेत. चुकांना बोली म्हणून मिरवणे ही मुलांची फसवणूक आहे. उद्या त्यांना याच भाषेत अर्ज करायचे आहेत, नोकरी मागायची आहे.

पण संपादकाची कात्री तेथे थांबत नाही. ‘नानी’ची आजी होते, ‘खाला’ची मावशी, ‘दस्तरखान’ जाऊन ‘जेवणाचे पान’ येते. एखाद्या मुलीने ‘अम्मीने सालन चढवले’ असे लिहिले असेल, तर छापील पुस्तकात ‘आईने भाजी केली’ असे वाचायला मिळते. सालनची भाजी झाली की ते घरच बदलते. आणि गंमत अशी की हे बदल करणारे बहुधा आपलेच लोक असतात. मराठी वाचकाला कळावे म्हणून ते आधीच माघार घेतात. ‘सहरी’ला तळटीप द्यायची, आणि ‘सोवळे’ मात्र सर्वांना कळते असे गृहीत धरायचे, हा कुठला न्याय? मराठी वाचकात आपणही आहोत ना!

चूक कोणती आणि निवड कोणती, हे ठरवायचा एकच सोपा मार्ग आहे : लिहिणारीला विचारणे. इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातल्या आठ मुलांनी आपल्या शिक्षकाच्या, डॉन मिलानींच्या, सोबतीने लिहिलेले पुस्तक 1967 मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून आले आहे. मुलांनी सुट्या चिठ्ठ्यांवर मुद्दे लिहिले, चिठ्ठ्यांच्या चळती लावल्या, आणि मग शब्दाशब्दावर एकत्र बसून वाद घातला. अनावश्यक शब्द त्यांनी स्वतः काढले. संपादन हाच तेथे शिक्षणाचा भाग होता. आपल्याकडे मात्र हस्तलिखिते गोळा करून संपादक घरी नेतो, आणि लेखिकेला आपला बदललेला लेख थेट समारंभात दिसतो.

कायदाही येथे लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सर्वसाधारणपणे लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. कलम 57 प्रमाणे प्रतिष्ठेला बाधा येईल अशी लेखनाची मोडतोड झाली तर लेखकाला हरकत घेता येते. असे असताना एकही सही न घेता पुस्तिकेवर ‘सर्व हक्क संपादकाधीन’ छापलेले मी पाहिले आहे. याशिवाय 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांकडे प्रत पाठवायची असते. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून आयएसबीएन क्रमांकही विनामूल्य मिळतो. एवढे केले तर वीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला ती पुस्तिका सापडेल. नाहीतर उरलेल्या प्रती संस्थेच्या कपाटात वाळवी खाते.

आता नावाचा प्रश्न. तो आपल्याकडे सगळ्यात नाजूक. मुलगी लिहिते, आणि छापायची वेळ आली की घरचे म्हणतात, नाव नको. मग लेखाखाली ‘एक विद्यार्थिनी’ असे येते. अब्बांच्या रागाला, मामूंच्या सल्ल्याला कारणे असतात, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. लग्न ठरायचे असते, शेजारी वाचणार असतात. पण ‘एक विद्यार्थिनी’ म्हणजे कोणीच नाही. पुढच्या वर्षी ती आपले लेखन कोणाला दाखवणार?

उत्तर प्रदेशातल्या सीतापूर जिल्ह्यातल्या स्त्रियांनी यातून एक वाट काढली आहे. ‘संगतिन यात्रा’ हे त्यांचे हिंदी पुस्तक 2004 मध्ये आले. गावपातळीवर काम करणाऱ्या सात जणींच्या डायऱ्यांवर ते आधारलेले आहे. रेश्मा अन्सारी, रामशीला, शशीबाला यांच्यासह नऊ जणींची खरी नावे लेखिका म्हणून छापली गेली. आत मात्र प्रत्येकीची कहाणी टोपणनावाने सांगितली. नवऱ्याविषयी, सासरविषयी, जातीविषयी, धर्माविषयी कोणी काय लिहिले हे वाचकाला कळत नाही, आणि लेखिका असण्याचा मान मात्र कोणाचा जात नाही. पुस्तकावर वाद झाला, संस्थेच्या वर्तुळातून टीका झाली. तो राग सगळ्या जणींनी मिळून झेलला.

आपल्या पुस्तिकांत हे करून पाहायला हरकत नाही. पहिल्या पानावर सगळ्या मुलींची पूर्ण नावे, वडिलांच्या नावासकट. आतल्या लेखांखाली टोपणनाव किंवा काहीच नाही. कोणते लेख असे छापायचे ते मुलींनीच बसून ठरवावे, आणि घरच्यांशी बोलायला शिक्षिकेने स्वतः जावे, छपाईआधी. मुद्रिते हाती आल्यावर शेवटचे वाचन वर्गात मोठ्याने व्हावे, म्हणजे ‘सालन’ शाबूत आहे की नाही ते सगळ्यांना ऐकू येईल.