बोलक्या बाहुलीचा एकाधिकार : बालदूरचित्रवाणीच्या भाषेविषयी काही विचार

बाहुलीच्या खेळात बाहुली सहसा एकटी नसते. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या असोत की शब्दभ्रमकाराच्या मांडीवर बसलेला बोलका बाहुला असो, बोलणाऱ्यासमोर उत्तर देणारा कोणीतरी असावाच लागतो. बाहुलीचे जिवंतपण तिच्या देहात नसून संवादात असते. शैक्षणिक दूरचित्रवाणीने मात्र एका लोकप्रिय बाहुल्यास हळूहळू संवादातून बाजूला काढले आणि एकट्याच्या सिंहासनावर बसविले. या घटनेची चर्चा बहुधा कंटाळा आणि व्यापार या दोन अंगांनी होते. भाषिक अंगाने तिचा विचार अधिक उद्बोधक ठरेल.

‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकी कार्यक्रम 10 नोव्हेंबर 1969 रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे सामर्थ्य समूहात होते. बिग बर्ड, ग्रोव्हर, ऑस्कर, बर्ट आणि अर्नी ही भिन्न स्वभावांची पात्रे एका गल्लीत माणसांबरोबर नांदत होती. एल्मो हा साडेतीन वर्षांचा तांबडा बाहुला प्रथम मागच्या रांगेतला होता. 1980 नंतरच्या दशकात केव्हिन क्लॅश यांच्या आवाजामुळे तो पुढे आला. 1996 च्या नाताळात, गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या त्याच्या खेळण्यासाठी दुकानांत झुंबड उडाली. 1998 पासून तासाभराच्या कार्यक्रमाचा अखेरचा सुमारे पाव तास ‘एल्मोज वर्ल्ड’ या त्याच्या स्वतंत्र विभागास मिळाला. 2002 साली तर संगीतशिक्षणाची बाजू मांडण्यासाठी हा बाहुला अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढेही उपस्थित झाला.

या बदलामागे केवळ लोभ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रेक्षक मुलांचे वय खाली सरकले होते आणि लहानग्यांचे लक्ष तासभर टिकत नव्हते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला परिचित चेहरा, ठरलेला क्रम आणि पुनरावृत्ती आवडते. 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या दुसऱ्या कार्यक्रमाने एकच भाग सलग पाच दिवस दाखविण्याची पद्धत याच जाणिवेतून स्वीकारली होती. तेव्हा पुनरावृत्ती हा दोष नव्हे. पुनरावृत्ती कशाची होते, हा खरा प्रश्न आहे.

‘एल्मोज वर्ल्ड’मधील एल्मो आपल्या खोलीत असतो. त्याचे नित्याचे सोबती दोन : डोरोथी नावाची मासोळी आणि मिस्टर नूडल नावाचा गृहस्थ. मासोळी बोलत नाही आणि मिस्टर नूडल हा मूकाभिनयाचे पात्र आहे. म्हणजे ज्या बाहुल्याचे बोलणे सर्वाधिक ऐकू येते, त्याच्या शेजारी उत्तर देणारे असे जवळजवळ कोणी उरत नाही. त्यातच एल्मो स्वतःस ‘मी’ न म्हणता आपल्या नावाने संबोधतो. बालभाषेत ही लकब स्वाभाविक आहे. ‘मी’ हा शब्द बोलणाऱ्यागणिक आपला निर्देश बदलतो आणि अशा शब्दांनी मुलाची कशी अडचण होते हे येस्पर्सन यांनी 1922 सालीच दाखविले होते. परंतु मूल ही अडचण ओलांडते ते ‘मी’ आणि ‘तू’ यांची देवघेव दोन माणसांमध्ये चाललेली पाहून.

मराठीच्या दृष्टीने या लकबीचे मोल मोजून पाहावे. ‘मी जाईन’ आणि ‘बाळ जाईल’, ‘मी गेलो’ आणि ‘बाळ गेला’, ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘बाळाने आंबा खाल्ला’ या जोड्यांत केवळ सर्वनाम बदलत नाही. पहिल्या दोन जोड्यांत क्रियापदाचा प्रत्यय बदलतो, आणि तिसऱ्या जोडीत कर्त्याला ‘ने’ लागतो. सदैव स्वतःच्या नावाने बोलणारा बाहुला मराठीत आणला, तर तो प्रत्येक जोडीतील पहिले रूप मुलाच्या कानावर पडूच देणार नाही.

याहून नाजूक गोष्ट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद दाखवावयास किमान तीन पात्रे लागतात : बोलणारा, त्याचा सोबती आणि ज्याला वगळले तो. कॅमेऱ्याकडे पाहून बोलणारी एकटी बाहुली हा भेद दाखवूच शकत नाही. मिरजेसारख्या सीमेवरील गावी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तेथील मुलाच्या कानावर मराठीबरोबर कन्नड, दखनी आणि हिंदी पडते. आजच्या कन्नडात दोन्ही अर्थांना ‘नावु’ हे एकच रूप आहे आणि प्रमाण हिंदीत ‘हम’ हे एकच. अशा मुलाला हा भेद मराठी बोलणाऱ्यांच्या परस्परव्यवहारातूनच मिळावयाचा. कोणाशी कोणती भाषा बोलावी, हेही ते माणसामाणसांतील नाती पाहूनच शिकते.

2006 साली भारतात आलेल्या ‘गली गली सिम सिम’ या हिंदी कार्यक्रमात चमकी, बूम्बा, गूगली आणि आंछू असा मेळा होता. शाळेच्या गणवेशातील चमकी त्यात उठून दिसे. पण गल्ली ही गल्लीच राहिली, हा त्या रचनेचा गुण मानावा लागेल.

मराठीपुरता विचार केला तर अधिक बोलके उदाहरण घरचेच आहे. यशवंत पाध्ये यांनी घडविलेला आणि रामदास पाध्ये यांनी रंगमंचावर व दूरचित्रवाणीवर नांदविलेला अर्धवटराव शंभरी ओलांडूनही शिळा झालेला नाही. त्याच्या नावातच ‘अर्धवट’ हा उपहास आणि ‘राव’ हा मान एकत्र नांदतात. त्याच्यासमोर आवडाबाई आहे आणि खुद्द कलावंतही आहे. एकाच कंठातून दोन ‘मी’ निघतात, एकमेकांना खोडतात, टोमणे मारतात. पिढ्यान्‌पिढ्या दिसूनही तो अतिपरिचित वाटत नाही, कारण त्याचे प्रत्येक वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी वाक्यास उत्तर असते.

तेव्हा अतिपरिचय मिनिटांनी मोजणे अपुरे आहे. बाहुली किती वेळ दिसते यापेक्षा तिला किती जण उत्तर देतात, हा निकष अधिक खरा होय. सेसमी स्ट्रीटच्या चालकांनी 2012 च्या सुमारास त्या विभागास विश्रांती दिली आणि 2017 मध्ये तो आखूड करून परत आणला. हा उपाय घड्याळाचा झाला. मराठी मुलांसाठी बोलक्या बाहुलीचा कार्यक्रम रचणाऱ्याने आपल्या लाडक्या पात्रास किती वेळ द्यावा हे खुशाल ठरवावे. पण त्याच्या शेजारी ‘तू’ म्हणणारा एक, ‘तुम्ही’ म्हणवून घेणारा एक आणि ‘आम्ही’ ऐकून रुसणारा एक, एवढी मंडळी अवश्य बसवावी. ही मंडळी नसतील तर बाहुली पुष्कळ बोलेल आणि मूल पुष्कळ ऐकेल, पण भाषा ज्या देवघेवीतून येते ती मात्र घडणार नाही.