मारी आणि आमच्या घरची बाई



लुई बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाने १९६४ साली फ्रान्समध्ये काढलेला 'एका दासीची रोजनिशी' हा कृष्णधवल चित्रपट आम्ही हॅरोत घरी बसून पाहिला. ऑक्ताव्ह मिर्बो यांच्या १९०० सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. द्रेफ्यूस या निरपराध यहुदी अधिकाऱ्याच्या बाजूने उभे राहिलेले हे लेखक. बुन्युएलने कथा १९३०च्या दशकात आणली आहे.

पॅरिसहून सेलेस्तीन खेडेगावातल्या श्रीमंत घरी कामाला येते. घरचे म्हातारे गृहस्थ प्रत्येक दासीला 'मारी' म्हणतात. नवे नाव लक्षात ठेवण्याची गरज त्यांना वाटत नाही. जान मोरो यांनी सेलेस्तीन फार संयमाने उभी केली आहे. ती रडत नाही, नुसती पाहते.

त्याच घरचा नोकर जोसेफ. धन्यांची चाकरी करतो आणि यहुद्यांचा द्वेष करतो. लहानग्या क्लेअरचा रानात खून होतो आणि सेलेस्तीनचा संशय त्याच्यावर जातो. खून दाखवलेला नाही. मुलीच्या पायावर सरपटणाऱ्या गोगलगायी तेवढ्या दिसतात. ते पुरेसे आहे. जोसेफला अटक होते, पण पुराव्याअभावी तो सुटतो. शेवटी यहुद्यांविरुद्ध घोषणा देणाऱ्या मोर्चाला तो आपल्या कॅफेच्या दारातून साथ देतो. गरिबाचा राग धन्याकडे न वळता आपल्याकडे कसा वळवला जातो, हे इथे भाषणाशिवाय कळते. सेलेस्तीनचे शेजारच्या कॅप्टनशी लग्न मात्र घाईत उरकले आहे. तिच्या मनात काय चालले आहे, ते नीट उमगत नाही.

आम्ही शाळेत असताना मराठीत 'मोलकरीण' (१९६३) आला होता. सुलोचनाबाई मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राबतात, हे पाहून आम्ही रडलो. ती आई होती म्हणून रडलो. नुसती मोलकरीण असती, तर रडलो असतो का?

जोसेफला पाहून आपण यहुदी म्हणून दुखावतो, ते योग्यच. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांना पाहून आम्ही अधिक अस्वस्थ झालो. मुंबईला आमच्या घरी शब्बाथला चूल पेटवत नसत. शनिवारी सकाळी बाई येऊन स्टोव्ह पेटवी, मग आम्हांला चहा मिळे. चौथी आज्ञा दासदासींनाही विसावा द्यायला सांगते. ती आज्ञा आम्ही पुढे वर्गात मुलांना शिकवलीही. बाईला शनिवारी विसावा नव्हता, आणि रविवारीही नव्हता. तिचे नाव आज आठवत नाही. आम्ही तिला 'बाई' म्हणत असू.

चित्रपटात काही प्रसंग ओंगळ आहेत. नातवंडांबरोबर पाहू नये. पण आपल्या पिढीने जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपापल्या घरच्या बाईचे नाव आठवून पाहावे.