ताटातील वाटा : मालवणी खाद्यसंस्कृती आणि शाश्वत पर्यटनाची संकल्पना

पर्यटन आणि प्रादेशिक खाद्यसंस्कृती यांचा संबंध हा अलीकडे चर्चासत्रांचा आवडता विषय झाला आहे. त्यांतून 'शाश्वत', 'स्थानिक' आणि 'सहभागी' ही विशेषणे इतक्या सढळपणे वापरली जातात की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणी जेवणाच्या आधारे या विशेषणांची चिकित्सा करावयाची आहे. १९९७ साली हा जिल्हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. २०२१ साली चिपी येथील विमानतळ सुरू झाला. पर्यटक पोहोचण्याची वाट जसजशी सुकर झाली, तसतसे 'अस्सल मालवणी' हे शब्द फलकांवर वाढत गेले.

हे अस्सलपण म्हणजे नेमके काय? पर्यटकांसाठीचे ताट ही एक संहिता मानून वाचली, तर तिचा मजकूर आश्चर्य वाटावे इतका ठरीव आढळतो. तळलेली सुरमई अथवा पापलेट, ओल्या नारळाच्या वाटपाची तिखट आमटी, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी. मांसाहारात बदल हवा असेल तर कोंबडी-वडे. मालवणपासून मुंबईतील हिवाळी जत्रोत्सवांपर्यंत हीच संहिता कमीअधिक फरकाने वाचावयास मिळते. तिच्यात कुळथाची पिठी नाही, सकाळची पेज नाही, फणसाच्या आठळ्या नाहीत, पावसाळ्यातील टाकळ्याची भाजी नाही. पेडवे आणि तारली हे किनाऱ्यावरील सामान्य माणसाचे मासेही अभावानेच दिसतात. म्हणजे जे रोज खाल्ले जाते ते वगळले गेले आणि जे पाहुण्यासाठी राखून ठेवले जात होते, तेच बारमाही झाले.

या वगळण्यातील सर्वांत गंभीर बाब ऋतूची आहे. महाराष्ट्राच्या सागरी जलधिक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. ही केवळ शासकीय तरतूद नव्हे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावरच होडी पाण्यात लोटावयाची, ही रीत कायद्याहून पुष्कळ जुनी आहे आणि माशांच्या प्रजननकाळाशी तिचा मेळ बसतो. त्या दिवसांतील घरगुती जेवणही त्यानुसार घडले आहे. सुक्या बांगड्याचे किसमूर, सुकी कोळंबी, रानभाज्या आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सोले यांवर घर चालते. काही वर्षांपूर्वी जुलैच्या मध्यास अभ्यासदौऱ्यानिमित्त मी या किनाऱ्यावर गेलो होतो. समुद्र खवळलेला होता आणि होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या. तरीही दुपारच्या ताटात 'ताजी' सुरमई आली. ती बर्फातून आली होती हे उघड होते. आमच्यापैकी कोणीही त्याबद्दल प्रश्न विचारला नाही, आणि आम्ही सारे अध्यापक होतो, हेही नमूद केले पाहिजे. त्याच घराच्या पडवीत घरची माणसे पिठी-भात जेवत होती. तो आम्हांस कोणी देऊ केला नाही, कारण तो आम्ही स्वीकारू असे त्यांना वाटले नसावे.

'अस्सल' या शब्दाची दुसरी अडचण इतिहासाची आहे. मालवणी मसाल्याचा प्राण असलेली लाल मिरची आणि या भागाचे अर्थकारण पेलणारा काजू ही दोन्ही अमेरिका खंडातील पिके. पोर्तुगिजांच्या मार्गाने ती या किनाऱ्यावर रुजली. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. पुढे तो पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि १९६१ पर्यंत तेथे राहिला. राजकीय सीमा अशी सरकत असताना स्वयंपाकघरे मात्र एकमेकांशी बोलत राहिली. बांगड्याच्या आमटीतील तिरफळ, आमसुलाचा आंबटपणा, किसमूर हे शब्द आणि पदार्थ तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. मालवणी सागोती आणि गोव्याची शाकुती यांच्या नावांतील व वाटपांतील साम्य कोणत्याही जेवणाऱ्यास जाणवेल. गोव्यातील ख्रिस्ती घरांत माडाच्या ताडीचा शिरका येतो, तेथे पुढचा फाटा फुटतो. तोही याच सामायिक संस्कृतीचा एक फाटा होय. आजची पर्यटन-जाहिरात हे सामायिकपण पुसून प्रत्येक राज्यास, किंबहुना प्रत्येक जिल्ह्यास, स्वतंत्र 'ओळख' देऊ पाहते. भौगोलिक मानांकनाचा उत्पादकास लाभ होतो हे मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. रातांब्याच्या झाडास जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

याच्या तुलनेत भूमध्य सागरी आहारपद्धतीचे उदाहरण विचारार्ह आहे. २०१० साली युनेस्कोने अमूर्त वारसा म्हणून तिची नोंद केली तेव्हा इटली, स्पेन, ग्रीस आणि मोरोक्को हे चार देश त्यात होते. २०१३ साली ती नोंद विस्तारून सात देशांची झाली. तेथे नोंद पदार्थांची नाही. पेरणी, कापणी, मासेमारी, रांधणे आणि एकत्र बसून जेवणे या साऱ्या व्यवहाराची आहे. आपल्याकडील खाद्यमहोत्सव मात्र पदार्थापाशीच थांबतात आणि त्यामागील व्यवहार अदृश्य राहतो. वाटप वाटणाऱ्या बाईचे श्रमही त्यातच अदृश्य होतात. निवास-न्याहारीच्या व्यवसायात खोल्यांचा हिशेब असतो, जेवणाचा असतो. तिच्या पहाटेचा क्वचितच.

मालवणी किनाऱ्यावर या व्यवहाराचे सर्वांत बोलके रूप म्हणजे रापण. होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकावयाचे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरील माणसांनी ओढावयाचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करावयाचे, अशी ही सामुदायिक पद्धती आहे. दोरास हात लावणाऱ्याच्या हाती आमटीपुरती मासळी पडते. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या ज्या अहवालात केली, त्याच्या शीर्षकात 'सामायिक भवितव्य' हे शब्द आहेत. रापणीच्या वाट्यात तो अर्थ अधिक प्रत्यक्ष दिसतो. परंतु ही पद्धती आज संकटात आहे. पर्ससीन जाळी आणि प्रकाशझोतातील मासेमारी यांमुळे किनाऱ्याजवळचे थवे आधीच उचलले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्राने २०१७ साली प्रकाशझोताच्या मासेमारीस बंदी केली. तरीही संघर्ष मिटलेला नाही. आणि पर्यटकांची बारमाही मागणी या संघर्षात तटस्थ नसते. ठरावीक आकाराची सुरमई रोज हवी, असे म्हणणारे ताट कोणत्या जाळ्याच्या बाजूने उभे असते, हे सांगावयास नको.

आता रापणच पर्यटकांसाठी 'अनुभव' म्हणून मांडली जाते. त्यास सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. दोर ओढताना तळहात सोलवटून निघाले तर समुद्राविषयी एखादी गोष्ट कळते, जी माहितीपत्रकातून कळत नाही. मात्र अशा प्रात्यक्षिकात पर्यटक दोर ओढतो, छायाचित्र काढतो आणि जेवावयास उपाहारगृहात जातो. तेथे त्याला सुरमईच मिळते. जाळ्यात आलेले पेडवे वाळूवरच्या टोपलीत राहतात.