प्लास्टरखालची जखम

'कहीं किसी रोज़' ही मालिका (2001 ते 2004) लागली की आमच्या अम्मी हातातले काम बाजूला ठेवीत. रमोला सिकंदचा तोरा आणि तिच्या टिकल्या पाहताना, या बाईंचा उजवा पाय कृत्रिम आहे हे आम्हा भावंडांना खरेच वाटत नसे. पुढे सुधा चंद्रन यांचाच 'नाचे मयूरी' (1986) टीव्हीवर पाहिला. 1985 च्या तेलुगू 'मयूरी'चे हे हिंदी रूप. त्यात त्यांनी स्वतःच्याच आयुष्यावर बेतलेली भूमिका केली आहे.

चित्रपट संपल्यावर मी अम्मींना विचारले, "पाय कशाने गेला?" त्या म्हणाल्या, "अपघातात." बहुतेक प्रेक्षक हेच सांगतील, आणि माझा आक्षेप इथेच आहे. मे 1981 मध्ये तिरुचिरापल्लीजवळच्या बस अपघातात पाय मोडला होता, गेला नव्हता. घोट्याजवळ एक जखम होती, तिच्यावरच प्लास्टर चढले. आत गँगरीन झाले आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या 1984 मध्ये मुंबईत पुन्हा नाचल्या. आपल्या मनात राहतो तो नाच. जखम कोणाला आठवत नाही.

आपल्या मालिका तर याहून बेफिकीर. रुग्णाचा पाय टांगलेला, भोवती नातेवाइकांची भांडणे, दोन भागांनंतर तो चालायला लागतो! नडगीचे हाड वाईट मोडले तर जुळायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर आधी जखम धुणे, प्रतिजैविके देणे आणि बऱ्याचदा बाहेरून सळया लावून हाड स्थिर करणे, असा क्रम असतो. प्लास्टरमधून बोटे उघडी ठेवतात, ती रक्तप्रवाह तपासता यावा म्हणून. हे पडद्यावर कोण सांगतो?

माझ्या वर्गातला एक मुलगा झाडावरून पडला. प्लास्टर झाले. मी भेटायला गेले तेव्हा तो कळवळत होता. त्याची अम्मी म्हणाली, "मॅडम, प्लास्टर है तो दर्द होइंगाच ना." मी बोटांना हात लावला. ती थंड होती, सुजली होती, त्याला स्पर्श कळत नव्हता. त्याच रात्री त्याला बुलडाण्याला नेले. डॉक्टरांनी प्लास्टर चिरून मोकळे केले. पाय वाचला. काही तास उशीर झाला असता तर आतले स्नायू मेले असते.

त्या माउलीचा दोष नाही. तिने मोडलेला पाय पाहिला होता तो टीव्हीवरच. जिद्दीच्या कथा जरूर लिहाव्यात, त्यांनी अनेकांना उभे केले आहे. पण पटकथा लिहिणाऱ्याने एक छोटासा प्रसंग घालावा: नर्स रुग्णाच्या अंगठ्याचे नख दाबते, सोडते, आणि गुलाबी रंग परत येतो का ते पाहते. एवढ्याने कथेचा रस आटणार नाही. एखाद्या घरातला पाय मात्र वाचेल.